बरगडीवरचा तांबडा पट्टा

मित्रांनो, मी एक जुनी फरी आहे. फरी म्हणजे हातात धरायची लहानशी गोल ढाल. नाक मुरडू नका! माझं कातडं तडकलंय, कडा उंदरांनी कुरतडल्यात, हे खरं. पण मला लाज वाटते ती या रूपाची नव्हे.

कळंबच्या श्रावणबुवांनी मला म्हशीच्या जाड कातड्यापासून बनवलं आणि मी पुसदकडच्या एका गावच्या आखाड्यात आले. तिथले वस्ताद डोमाजी मोठ्या करड्या शिस्तीचे. पोरांना सकाळी कुस्ती, संध्याकाळी फरी-गदगा. गदगा म्हणजे कातडं गुंडाळलेला सोटा. एका हातात तो, दुसऱ्या हातात मी. "ज्याले मातीत पाय रोवता येत नाही, त्याले हत्यार कायले द्यायचं?" असं ते म्हणत. त्यांचा कायदा एकच. मारणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. ज्याला लागलं, त्यानंच हार मानून हात वर करायचा आणि "लागलं" म्हणायचं. पंच नाही, शिट्टी नाही.

माझा मान तर काय सांगू! दर आठवड्याला तेल, दसऱ्याला हळदकुंकू. बंजारा तांड्यावरचा देवसिंग मला लेकरासारखं जपायचा. त्याचा जोडीदार भीमराज. छप्पन साली भीमराजच्या घरच्यांनी बौद्ध धर्म घेतला आणि गावात कुजबुज सुरू झाली, की आता हा मारुतीच्या आखाड्यात कशाला? डोमाजी भडकले. "माती कोनाची जात पुसते काय? नागपंचमीले जो जिंकन, तोच माह्यामागं वस्ताद!"

सत्तावन सालची ती नागपंचमी. सारा तांडा लोटला होता. देवसिंगची आई मोतीबाई पुढेच बसली होती. खेळ रंगला. भीमराजचे वार झेलता झेलता माझा जीव मेटाकुटीला आला. शेवटी त्यानं खाली वाकून असा झपकन हात काढला, की मला चुकवून गदगा थेट देवसिंगच्या बरगडीवर बसला. पांढऱ्या बंडीवर गदग्याला लागलेल्या आखाड्याच्या मातीचा तांबडा पट्टा उठला.

आणि देवसिंगनं काय करावं? मलाच ओढून त्या पट्ट्यावर धरलं.

"लागलं काय रे?" डोमाजींनी विचारलं.

देवसिंगनं आईकडं पाहिलं. "नाई, वस्ताद."

अरे देवा! मी वार अडवायला जन्मले आणि डाग लपवायला कामी आले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. भीमराज कायद्याला धरून गप्प राहिला. पण त्याचं मन उडालं होतं. पुढचाच वार त्याच्या खांद्यावर बसला आणि त्यानं लगेच हात वर केला. "लागलं!"

फेटा देवसिंगच्या डोक्यावर चढला. भीमराज पुन्हा आखाड्यात आला नाही. लोक म्हणाले, हरला म्हणून रुसला.

देवसिंग वस्ताद झाला खरा, पण पोरांना कायदा सांगताना त्याची जीभ अडखळायची. एके दिवशी खेळताखेळता एका पोरानं खणखणीत आवाजात "लागलं!" म्हणून हात वर केला, तसं देवसिंगचं तोंड उतरलं. मला घेऊन तो तडक भीमराजच्या दारी गेला.

"भीमा, त्या दिवशी लागलं होतं गड्या."

भीमराज बैलांना पाणी पाजत होता. त्यानं वळूनही पाहिलं नाही. "मले कायले सांगून राह्यला? मले तं माहीतच हाय. पोरायले सांग."

दुसऱ्या दिवशी पोरं मांडी घालून बसली. देवसिंग समोर उभा राहिला. मी त्याच्या हातातच होते. बोल रे बाबा, बोल! त्यानं तोंड उघडलं.

"आज सुट्टी," तो म्हणाला.

पोरं ओरडत पळाली. त्यानं मला खुंटीला टांगलं आणि तो तांड्याकडं निघून गेला, तो परत आलाच नाही. डोमाजी थकले होते, शिकवायला कुणी उरलं नाही. मला मग कोण तेल लावणार?

मित्रांनो, कातड्याच्या वस्तूला ओल लागू देऊ नका, अधूनमधून तेलाचं बोट फिरवत जा. आणि लागलं असेल, तर तेव्हाच हात वर करा. त्या एका शब्दासाठी ती पोरं मांडी घालून बसली होती.