बोलकी पेटी गप्प का बसली

मित्रांनो, मी एक जुनी बोलकी पेटी आहे. नावाचीच बोलकी म्हणा, कारण हल्ली मी फडक्यात गुंडाळलेली असते.

मी जन्मले परदेशात. संगणकाच्या पडद्यावर जे लिहिलेले असेल ते मोठ्याने वाचायचे, हे माझे काम. हिलाल नावाच्या इंजिनिअरने मला पारोळ्याला आणले, ते त्याचा दृष्टिहीन मित्र अभिमन याच्यासाठी. आपला जुना संगणक त्याने अभिमनला दिला, त्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली घातली, मला मागून वायरने जोडले आणि अभिमनला सगळे शिकवून तो पुण्याला निघून गेला. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत आले की माझी जीभ वेडीवाकडी वळायची. अभिमनची आई वच्छलाबाई हसून म्हणायची, "हाई पेटी तं साहेबनी बोली बोलस!" मला राग यायचा, पण अभिमनही हसायचा, म्हणून मी सोडून द्यायचे.

शिकून घरी बसलेला अभिमन माझ्या जोरावर नोकरीची आस धरून होता. जळगावचे कापसाचे व्यापारी सुरेशचंद भला माणूस. ते म्हणाले, "काम करून दाखवा, पत्रव्यवहार तुमच्याकडे देतो." हिलालने येऊन त्यांच्या संगणकावरही लिनक्स घालून दिले. नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात अभिमन मला पिशवीत घालून एसटीने जळगावला गेला. तिथे त्याने मला जोडले आणि मी खणखणीत बोलले. पेढीतले सगळे उठून आले. मला केवढा अभिमान वाटला!

तेवढ्यात सुरेशचंदांच्या आई सुगनबाई पूजेचे ताट घेऊन आल्या. "नवी वस्तू आहे, पहिले पूजा करू," त्या म्हणाल्या. संगणक चालूच होता. कारकून तोतारामने माझ्या वायरी उपसल्या आणि मला पाटावर ठेवले. कुंकू लागले, हार पडला, ओल्या अक्षता पडल्या. मग त्याने मला पुन्हा जोडले.

माझा दिवा लागला, पण तोंडातून शब्द फुटेना.

अभिमन घाबरला नाही. बोलण्याचा प्रोग्राम बंद करून त्याने पुन्हा चालू केला. एक शब्द थेट माझ्याकडे पाठवला. तो माझ्यापर्यंत आलाच नाही. त्याने तोतारामला पडदा वाचायला सांगितला.

"पेटी उत्तर देत नाही, असं काहीतरी लिहिलंय," तोताराम म्हणाला.

"म्हणजे मागची वायर नीट बसली नसेल. मी चाचपून बघतो."

त्याने हात पुढे केला, तोच सुरेशचंदांनी तो धरला. "नको भाऊ! तिथं करंट आहे. तुम्हाला काही झालं तर पाप आमच्या माथी."

"शेठ, या वायरीत शॉक बसण्याइतका करंट नसतो. एकदा बघू तर द्या."

"तोताराम बघतो ना." तोतारामने वायर अंगठ्याने दाबली आणि घट्ट आहे म्हणून सांगितले. अभिमनने पुन्हा हात नेला. या वेळी त्या हातात चहाचा कप आला. सगळे इतके प्रेमाने वागत होते की त्याला रागावताही येईना. मला ओरडावेसे वाटत होते. पण ओरडणार कशाने?

"आराम करा. आपण पुढं बघू," सुरेशचंद म्हणाले.

घरी येताच अभिमनने माझ्या पाठीवरून बोट फिरवले. जोडणीच्या खाचेत, पिनांच्या मध्ये ते थबकले. त्याने नखाने काहीतरी उकरून काढले.

"काय सापडनं रे?" वच्छलाबाईने विचारले.

"अक्षताना दाना शे, माय."

वायर नीट बसली आणि मी लगेच बोलले. अभिमन तसाच एसटीडी बूथवर धावला. परत आला तो पाय ओढत. आईला त्याने सांगितले की शेठ आनंदाने म्हणाले, "देवाची कृपा!" आणि मग म्हणाले, "पण मी दुसरा माणूस ठेवला हो. तुमची फार काळजी वाटते, वायरीत हात घालता तुम्ही."

त्याने माझे बटण बंद केले. नंतर कधी लावलेच नाही. मी धडधाकट आहे, मित्रांनो, आणि तोही.

एखादे यंत्र चालू संगणकाला जोडून गप्प राहिले, तर नुसती वायर दाबू नका; ती काढा, आत बघा, मग लावा. आणि जो बोटांनी बघतो, त्याचा हात मायेने धरावासा वाटला, तर आधी त्याला विचारा, तो हात कुठे निघाला आहे.