पुढच्याने सांगायचं

मामाने कानावरची पेन्सिल काढली आणि जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या मोठ्या कागदाच्या ऐन मध्यावर समुद्र ओतला. म्हणजे काढलाच, पण त्याची काढायची तऱ्हा अशी, की समोर बसलेल्या लिफ्टवाल्याने आपला चहाचा कप नकळत उचलून धरला.

"हा समुद्र रोज दुपारी उठतो, गावात येतो, लोकांच्या उंबऱ्यावर टेकतो, चार गप्पा मारतो आणि परत जातो," मामा म्हणाला. "जाताना एखाद-दुसरा मासा विसरतो. ते मासे मग झाडांवर राहतात."

"झाडांवर," ताई म्हणाली.

"वरच्या फांद्यांवर. खालच्या मांजरांनी अडवलेल्या असतात."

ताईची सगळी नोकरी एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. चूक दिसली की तिच्या उजव्या हाताची बोटं आपोआप आवळत. आताही ती आवळली. पण तिच्या मुलीने, म्हणजे मामाच्या भाचीने, खेळाचा नियम बसल्या बसल्याच सांगून ठेवला होता. पुढच्या रविवारपासून चौघांनी मिळून एक लांबलचक खेळ खेळायचा होता. प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, फासे टाकायचे आणि कागदावरच्या जगात महिनोन्‌महिने भटकायचं. पण भटकायला आधी जग हवं. ते आज पाळीपाळीने मांडायचं. एकाने मांडलेलं दुसऱ्याने खोडायचं नाही, खरं-खोटं करायचं नाही. हवं तर गोष्ट अर्धवट मांडावी. उरलेली पुढच्याने सांगायची.

मामाला वाटलं, हा नियम साठ वर्षांपूर्वी निघाला असता तर आपलं बालपण किती सुखात गेलं असतं.

तीस वर्षं तो मालवाहू जहाजांवर आचारी होता. थापा मारणं हा त्याचा धंदा नव्हता, प्रकृती होती. घरात त्याने नुसतं पाऊस पडतोय म्हटलं, तरी कुणीतरी खिडकीतून हात बाहेर काढून खात्री करून घेई. त्याचं त्याला काही वाटत नसे. वाटत असे ते एकाच गोष्टीचं. त्याची आणि ताईची म्हातारी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा सहा वर्षं तिचं सगळं ताईने केलं. आणि नेमकी तासाभरासाठी ती छापखान्यात कागद पोचवायला गेली, तेवढ्यात आईने डोळे मिटले. जवळ कोण, तर सुट्टीवर आलेला मामा. आई शेवटी काय बोलली, हे ताईने त्याला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्याने सांगितलं. तीन वेगवेगळी उत्तरं, एकापेक्षा एक सुंदर. चौथ्यांदा तिने विचारलं नाही. गेली नऊ वर्षं ती त्याला जेवायला वाढायची, औषधाची आठवण करायची, सदऱ्याचं तुटलेलं बटण लावून द्यायची. विचारायची मात्र काहीच नाही.

दुपारभर जग वाढत गेलं. लिफ्टवाला भाचीचा मित्र होता आणि इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने एक मनोरा मांडला. त्याचे मजले वाऱ्याप्रमाणे जागा बदलत. तिसऱ्यावर झोपलेला माणूस सातव्यावर उठे आणि शेजारी बदलले असं समजून स्वतःच्या बायकोशीही नव्याने ओळख करून घेई. भाचीने डोंगरउतारावर धुक्याच्या मेंढ्या सोडल्या. त्या करड्या रेघांकडे बघता बघता खोलीच्या भिंती जराशा लांब गेल्या, पंख्याचा आवाज कुठून तरी पाण्यावरून येऊ लागला. मामाने बघितलं, तर लिफ्टवाल्याने पाय खुर्चीवर घेतले होते.

ताईने दोनदा पाळी सोडली होती. तिसऱ्यांदा तिने पेन्सिल घेतली आणि समुद्रापासून थोडं दूर एक ठिपका दिला.

"इथे एक गाव. गावात एक म्हातारी आहे. ती जाते. जाताना काहीतरी बोलते. तिची मुलगी तेव्हा घरात नसते."

मांडलेलं सगळं वहीत टिपणाऱ्या भाचीचा हात थांबला.

"काय बोलते, ते पुढच्याने सांगायचं," ताई म्हणाली आणि तिने पेन्सिल मामापुढे सरकवली.

मामाजवळ तीन उत्तरं तयार होती. चौथं त्यांच्याही वरताण आत्ताच सुचलं होतं, त्यात समुद्रपक्षी होते. इथे ते कुणी खोडलंही नसतं. त्याने समोरचा रिकामा कप बशीतल्या बशीत एकदा पूर्ण फिरवला.

"म्हातारी म्हणते, पडदा ओढ, ऊन डोळ्यावर येतंय. मुलगा उठून पडदा ओढतो. वळून बघतो, तर ती गेलेली असते."

"एवढंच?" लिफ्टवाला म्हणाला. त्याची जरा निराशा झाली होती.

"एवढंच."

"मुलीबद्दल काही?" ताईने विचारलं.

"नाही. काही नाही."

ताई ठिपक्याकडे बघत राहिली. मग तिची बोटं टेबलावर सैल पडली.

"मी आले तेव्हा पडदा ओढलेला होता," ती म्हणाली. "रोज साडेचारला म्हणायची ती मला. अगदी हेच."

ताईने पेन्सिल परत घेऊन गावात एक खोली काढली, तिला पश्चिमेची खिडकी, खिडकीजवळ खाट.

"मग मुलाने काय केलं?"

हा प्रश्न नवा होता. याचं उत्तर मामाने कधी रचून ठेवलं नव्हतं.

"तिचे पाय गार पडत होते," तो म्हणाला. "ते चोळत बसला. मुलगी येईपर्यंत."

"कुठे बसला होता?"

मामाने खाटेच्या पायथ्याशी बोट टेकवलं. ताईने ते बाजूला घ्यायला सांगितलं नाही. बोटाभोवतूनच पेन्सिल फिरवत तिने तिथे एक स्टूल काढलं.