सरकाआजींचा बाक

"आजींच्या फोटोला लावायची म्हणून माझ्याकडून पट्टी शिवून घेतलीत, आणि बांधलीत बाकाला. फसवलंत मला, साहेब."

शिंपीण दारातूनच बोलत आली. चर्चच्या सभामंडपात सचिव गीतांची पुस्तकं मांडत होते, ते थांबले. तिसऱ्या बाकाच्या तोंडाशी जांभळी सॅटिनची पट्टी आडवी ताणलेली होती. कडेला तिचीच दुहेरी टीप.

सचिवांनी समजूत घातली. आजींच्या मानासाठी तो बाक यापुढे रिकामाच ठेवायचा, असं पंचमंडळानं ठरवलं होतं.

"मान? रिकामा बाक बघून त्या कबरेतून काठी घेऊन उठतील."

सचिव हसणार होते, पण त्यांनी घसा खाकरला.

म्हातारीचं खरं नाव फक्त मृत्यूच्या दाखल्यावर होतं. बाकी सगळ्यांसाठी ती सरकाआजी. उशिरा कुणी दारात घुटमळलं, की भर प्रार्थनेत तिची काठी शेजारच्याच्या ढोपराला लागायची आणि मागोमाग हुकूम यायचा, "सरका." पाच जणांच्या बाकावर आठ बसायचे. कुणी कुरकुरलं तर म्हणायची, "एवढी जागा तुझ्या अंगाला नाही लागत, ऐटीला लागते." पाळकांचं प्रवचन तिनं कितीदा तोडलं असेल याला सुमार नव्हता. खुद्द सचिवही इथं नवखे असताना त्याच काठीच्या जोरावर आत शिरले होते.

शिंपिणीची गोष्ट वेगळी नव्हती. नवऱ्यानं टाकल्यावर ती कडेवर रडतं पोर घेऊन याच दारात उभी राहिली होती. सगळ्या माना वळल्या, कुणी हललं नाही. मग काठी लागल्याचा आवाज आला. त्या दिवशी जागा मिळाली नसती तर ती परत कुठल्याच दारात उभी राहिली नसती.

स्मरणाची उपासना सुरू झाली तेव्हा मंडप गच्च भरला होता. मागे लोक भिंतीला टेकून उभे होते. हार घातलेल्या फोटोतून म्हातारी समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघत होती.

पहिलं गीत अर्ध्यावर आलं आणि दार किरकिरलं. गणवेशावर स्वेटर चढवलेली एक नर्स, रात्रपाळी संपवून तशीच आलेली. इथं तिला कुणी ओळखत नव्हतं. ती चाचरत पुढं आली, पट्टीपाशी थांबली.

शिंपिणीच्या पिशवीत कात्री होती. तिनं पिशवीचं तोंड मुठीत आवळून धरलं आणि सचिवांकडे बघत राहिली.

गीत संपलं. सचिव जागचे उठले होते. त्यांची बोटं गाठीवर होती, पण नजर पंचांच्या बाकाकडे.

"इथं कुणी बसतं का?" नर्सनं हळूच विचारलं.

गाठ हलली. सुटली नाही.

"त्या विचारतायत, दादा," शिंपीण म्हणाली. "सांगा ना. बसतं का इथं कुणी?"