टाकीतलं गोडं पाणी

बोट दोघा भावांची होती, पण तिच्यावर शब्द चालायचा तो दादाचा. एकवीस फुटी, पुढे पाय दुमडून दोघं झोपतील एवढी खोली, हात धुवायला ताटलीएवढं बेसिन आणि मागे टांगलेलं इंजिन. अठरा वर्षांपूर्वी ती जुनी विकत घेतली, तेव्हा धाकट्याला पाना कुठल्या बाजूला फिरवायचा हेही धड माहीत नव्हतं. दादाने त्याला सगळं हाताला धरून शिकवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा दादाचा दंडक. "दोन बदललीस आणि चालू झालं, तर दोष कशात होता ते तुझा बाप सांगणार?" असं तो म्हणायचा, आणि मग बाप दोघांचा एकच आहे हे लक्षात येऊन स्वतःच हसायचा.

त्या रविवारी बंधाऱ्याच्या बाहेर पडल्या पडल्या इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. एका मासेमाराने दोरी बांधून त्यांना धक्क्याला आणून सोडलं. धाकट्याने पेट्रोलचा फिल्टर काढून काचेच्या बरणीत उपडा केला. घटकाभराने बरणीत दोन थर दिसायला लागले. वर पेट्रोल, खाली तीन बोटं पाणी.

"टाकीच्या झाकणाची रबरी रिंग गेली असणार," दादा म्हणाला.

रिंग बदलली, टाकी उपसली, नवं पेट्रोल भरलं. इंजिन शहाण्यासारखं चाललं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग धाकट्याने पेट्रोल दुसऱ्या पंपावरून आणलं. तिसऱ्या रविवारीही बरणीत पाणी!

आता त्यानेही हट्टच धरला. टाकीला कुठे चीर असेल म्हणून तो बोटीच्या पोटात पालथा पडून तासभर बॅटरीच्या उजेडात शोधत राहिला. टाकी ठणठणीत होती. शेवटी त्याने बरणीच्या तळातलं पाणी बोटावर घेतलं आणि जिभेला लावलं. पेट्रोलच्या उग्र चवीने डोळ्यांत पाणी आलं, पण मिठाचा लवलेशही नव्हता. म्हणजे पाणी समुद्राचं नव्हतं. महिनाभरात पावसाचा थेंब पडला नव्हता. राहिला नळ.

हे त्याने दादाला सांगितलं नाही. का, ते त्यालाही नीट कळलं नाही. बुधवारी कामावरून अर्धी सुट्टी टाकून तो एकटाच धक्क्यावर गेला.

दादा बोटीवर होता. इस्त्रीचा शर्ट, बाह्या व्यवस्थित दुमडलेल्या. धक्क्यावरच्या नळाची पिवळी नळी त्याने पेट्रोलच्या टाकीच्या तोंडात घातली होती आणि पाणी सोडून शांतपणे शीळ घालत उभा होता. शेजारीच बेसिनच्या पाण्याच्या टाकीचं झाकण होतं, घट्ट बंद.

"काय करतोयस, दादा?"

"टाकी भरतोय. रविवारी निघायचंय ना?"

त्याच्या आवाजात गोंधळाचा मागमूसही नव्हता. धाकट्याने नळ बंद केला, आणि दादाच्या घरी जाऊन वहिनीला पाहिलेलं सांगितलं.

वहिनी भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "मला ठाऊक आहे, भावजी. परवा त्यांनी साबण फ्रीजमध्ये ठेवला. डॉक्टर म्हणाले, हे विसरणं वाढतच जाणार."

"मग मला बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही बोटीची किल्ली काढून घेतली असती. दिवसभरात तेवढ्या एकाच गोष्टीसाठी ते अंघोळ करून, कपडे बदलून बाहेर पडतात."

किल्ली काढून घ्यायचं धाकट्याला धाडस झालं नाही. त्याने दोन्ही झाकणांवर लाल रंगाने ठळक लिहिलं, 'पेट्रोल' आणि 'पाणी'. दादाने ते मोठ्याने वाचलं, अक्षर बरं आलंय म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नळी पेट्रोलमध्येच घातली. मग धाकट्याने झाकणाला लहानसं कुलूप लावलं. दादाने ते स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं. झाकणही तुटलं.

धक्क्यावरच्या मेकॅनिकला सगळे फुंकर म्हणत, कारण कुठलीही नळी हातात आली की तो आधी तिच्यात फुंकायचा. इंजिन सुरूच होईना म्हणून त्याने ते उघडलं. या वेळी त्याने फुंकलंही नाही. आत सगळीकडे गंज चढला होता.

"आता हात लावण्यात अर्थ नाही," तो हळूच म्हणाला. "आठवडाभर पाणी बसून राहिलंय आत. दुसरं इंजिन बघा, नाहीतर सोडून द्या."

दादा मागे उभा राहून ऐकत होता. तो पुढे आला. कान लाल झालेले.

"यानेच केलं," धाकट्याकडे बोट दाखवत तो म्हणाला. "मला कळत नाही होय? हा मी नसताना येतो. माझ्या बोटीला कुलूप लावतो! पाणी कुणी घातलं, विचारा त्याला. सगळं हाताला धरून शिकवलं मी, आणि हा माझ्याच मुळावर उठला."

आजूबाजूच्या बोटींवरची माणसं हातातली कामं थांबवून बघायला लागली. रोज धक्क्यावरच असणाऱ्या फुंकरला सगळं माहीत होतं. तो धाकट्याकडे बघत राहिला, आता हा खरं सांगेल म्हणून. ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण दादाची हनुवटी थरथरत होती, आणि ते वाक्य ऐकल्यावर हा माणूस चारचौघांत कुठे तोंड लपवणार, हे धाकट्याला दिसत होतं.

"हो दादा," तो म्हणाला. "माझ्याच हातून झालं. चुकलं माझं."

त्याला वाटलं होतं, दादा दोन शिव्या हासडेल आणि संध्याकाळपर्यंत विसरेल. सगळंच तर विसरत होता.

"मग पुन्हा इथे पाय ठेवू नकोस," दादा म्हणाला. "आणि घरीही."

हे मात्र तो विसरला नाही. नातवंडांची नावं गेली, स्वतःच्या नोकरीची तीस वर्षं गेली, पण भावाने बोटीचं वाटोळं केलं हे मनात खिळ्यासारखं रुतून बसलं. येईल त्याला तो तेच सांगायचा. बोट क्रेनने उचलून धक्क्याच्या कुंपणाशी ठेवली. तिला गिऱ्हाईक मिळालं नाही. धाकट्याने दोनदा घरी जायचा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी दादाने हातातला पेला फेकून मारला, आणि नंतर रात्रभर रडत राहिला. वहिनीने फोन करून सांगितलं, "नका येऊ, भावजी. तुमच्यासाठी नाही, त्यांच्यासाठी म्हणते."

आता तो मंगळवारी दुपारी औषधं घेऊन मागच्या दाराने येतो, दादा झोपलेला असताना. पिशवी ओट्यावर ठेवतो, कपभर चहा उभ्याउभ्याच पितो. मागच्या मंगळवारी आतून खाट करकरली.

"कोण आलंय गं?" दादाचा आवाज आला.

वहिनीने धाकट्याकडे बघितलं. त्याने कप आवाज न करता खाली ठेवला आणि हाताने नाही म्हणून खूण केली.

"कुणी नाही," ती म्हणाली. "झोपा तुम्ही."