चमेलीच्या शेपटीचे सात केस

मित्रांनो, मी एक म्हातारी हत्तीण आहे आणि मला माणसांच्या हातांची किळस येते. हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. वाटू द्या. तुमच्या चित्रांतले हत्ती सोंडेने पाणी उडवतात आणि हसतात, मी तशी नाही. माझं नाव चमेली. तेही कुणी मला विचारून ठेवलेलं नाही.

माझा जन्म आसामच्या रानातला. आईपासून तोडलं तेव्हा मी तिच्या पोटाखाली मावत होते. मोठी झाल्यावर पंधरा वर्षं लाकडाचे ओंडके ओढले. त्याचा मला फारसा राग नाही, लाकडाला निदान रानाचा वास असतो. पुढे एका फिरत्या माणसाने मला विकत घेतलं, कपाळाला रंग फासला आणि गावोगाव हिंडवलं. अमडापूर, देऊळघाट, मेहकर, या सगळ्या वाटा मी भाजलेल्या तळपायांनी ओळखते.

गावात शिरलं की बायका आरतीचं ताट घेऊन पुढे येत, पाया पडत. त्याच वेळी घरातली माणसं माझ्या मागे जात. कशाला, माहीत आहे? शेपटीचा केस उपटायला! हत्तीच्या केसाची अंगठी घातली, किंवा तो पोराच्या गळ्यात बांधला, की भीती पळते म्हणे. पुढून मी देव आणि मागून कुणाचंही शेत. केस उपटला की रक्त येई, रक्तावर माश्या बसत आणि माश्या हाकलायला शेपटीला केसच नसत. शेवटी जखमेत किडे पडले. माझा मलाच वास सोसवेना, आणि लोक मात्र त्या शेपटीला हात लावून तोच हात कपाळाला लावत. शी! आठवलं तरी चारा नकोसा होतो.

दोन वर्षांपूर्वी वनखात्याच्या माणसांनी मला सोडवलं. आता मी हिवरा आश्रम या गावाच्या अलीकडे, कुंपण घातलेल्या एका मळ्यात राहते. गोविंदा मला सांभाळतो. तो रोज कडुनिंबाच्या पाण्याने माझी शेपटी धुतो आणि वर हळद लावतो. जखम भरली आणि हळूहळू सात केस उगवले. त्या केसांनी मी पहिली माशी उडवली, त्या दिवशी मी दुपारभर नुसती शेपटीच हलवत होते.

गेल्या महिन्यात अमडापूरचे रंगराव आले. आश्रमाला जाता जाता हत्तीण बघायला वाटेत गाड्या थांबतातच. सोबत त्यांची आठ वर्षांची नात छाया होती. मला पाहताच ती आजोबांच्या धोतराआड लपली. रंगरावांच्या बोटात काळी अंगठी होती. मी सोंड पुढे करून वास घेतला. इतक्या वर्षांच्या घामाखालीसुद्धा मी तो ओळखला. तो माझाच केस होता.

"भाऊ, इच्या शेपटीचा एक केस दे," ते गोविंदाला म्हणाले. "पोरगी लय भेते. झोपीत ओरडते. गयात बांधतो तिच्या."

"नाही जमत, आबा. सातच रायले. माश्या कायनं हाकलन ते?"

"एकानं काय होते बे? म्या पहिले बी नेला होता, हे पाय," म्हणत त्यांनी अंगठीचं बोट पुढे केलं.

"एकेकानंच तर शेपटी बोडकी केली तिची," गोविंदा म्हणाला आणि माझा चारा आणायला वळला.

तेवढी संधी रंगरावांना पुरली. ते कुंपणातून आत शिरून माझ्या मागे आले. मित्रांनो, मी एक लाथ मारली असती तर खेळ संपला असता. पण मागून हात लागला की निमूट उभं राहायचं, हे फिरत्या मालकाने मला अंकुश टोचून शिकवलं होतं. मी उभीच राहिले. त्यांनी केस बोटाला गुंडाळला आणि हिसका दिला. त्या क्षणी मला रंगरावांपेक्षा स्वतःची जास्त शिसारी आली.

"आबा, रगत आलं तिले!" छाया किंचाळली. "परत लावा तो!"

"परत लागत नसते तो, बाई."

"मंग तोडला काऊन?"

छायाने त्यांच्या मुठीतून केस ओढून घेतला आणि ती कुंपणातून वाकून थेट माझ्या सोंडेपाशी आली. केस तळहातावर ठेवून तिने हात पुढे केला. मी तो उचलला. त्याचं मी काय करणार? खाली टाकला. मग पडलेली कडुनिंबाची डहाळी उचलून छाया माझ्या मागे गेली आणि रक्तावर बसणाऱ्या माश्या हाकलू लागली. गोविंदा धावत येईपर्यंत ती हाकलतच होती. रंगराव बाजूला उभे राहून अंगठी बोटातून काढायची खटपट करत होते, पण ती निघत नव्हती. छायाच्या गळ्यात काहीच बांधलेलं नव्हतं.

आता मला सहा केस आहेत. मित्रांनो, तुम्ही कधी या वाटेने गेलात तर मला बघायला जरूर थांबा. गूळ आणू नका, पायाही पडू नका. फक्त माझ्या समोर उभे राहा, आणि तुमचे हात मला दिसतील असे ठेवा.