माझ्या वाट्याचे तुकडे

मित्रांनो, ऑफिसच्या कोपऱ्यात, छत्र्यांच्या बादलीशेजारी जो करड्या रंगाचा डबा दिसतो ना, तो मी. मी एक जुना संगणक आहे. माझा आवाज जरा घरघरतो, तेवढे सांभाळून घ्या.

एका कारखान्यात माझी जुळणी झाली. शेवटचा स्क्रू पिळल्यावर तिथल्या बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली होती, ती अजून आठवते. मग मी या ऑफिसात आलो. इथे एक ताई आणि तिचा धाकटा भाऊ अंध मुलांसाठी वाचनयंत्रे बनवतात. पुस्तकाचे पान समोर धरले की यंत्र ते मोठ्याने वाचते. त्या यंत्राचा पहिला प्रोग्रॅम ताईने माझ्यावरच लिहिला. "हा आमचा हत्ती!" असे ती पाहुण्यांना सांगायची, आणि मी फुगून जायचो.

पुढे नवे, सडपातळ संगणक आले. माझ्या डोक्यावर आधी फायली आल्या, मग हेल्मेट, मग चहाचे कप. माझे बटण मात्र कोणी दाबेना.

एके सकाळी अंध मुलांच्या शाळेतून बाईंचा फोन आला. वाचनयंत्रे प्रत्येक पानाची शेवटची ओळ गाळत होती, आणि दुसऱ्याच दिवशी मुलांची परीक्षा होती! ताईने चूक शोधून दुरुस्त केली. पण माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला थेट कळत नाही. तो यंत्राच्या भाषेत उतरवावा लागतो. याला कंपाइल करणे म्हणतात. एकट्या संगणकाने ते केले असते, तर दुसरा दिवस उजाडला असता. आणि नवा प्रोग्रॅम भरलेले मेमरी कार्ड शाळेत पोचवणारा डिलिव्हरीवाला तर संध्याकाळीच निघणार होता.

"सगळे संगणक एकमेकांना जोडू या," ताई म्हणाली. "प्रोग्रॅमचे तुकडे सगळ्यांना वाटू. झालेले तुकडे माझा संगणक गोळा करून जुळवेल."

"हत्तीला पण?" भाऊ हसला. "अगं, तो जागा होईपर्यंत परीक्षा संपेल!"

"आज सगळे हवेत. लाव वायर."

वायर लागली. कंपाइल करणारे साधन ताईने सगळ्यांवर अगदी एकसारखे घातले, नाहीतर तुकडे एकमेकांना जुळत नाहीत. त्या भावंडांची एक शिस्त होती. काम असो की केक, वाटणी सारखी! त्याच सवयीने ताईने तुकडेही सारखेच वाटले. नव्या संगणकांनी आपापला वाटा चटकन संपवला आणि ते स्वस्थ बसले. माझ्यापुढे मात्र ढीग तसाच होता. माझा पंखा किंचाळू लागला, अंग तापले. सगळे माझ्यासाठी खोळंबले.

"उपट त्याची वायर!" भाऊ ओरडला. "गाडी अडवून बसलाय म्हातारा!"

मित्रांनो, मी घाईघाईने पुढचा तुकडा ओढला.

ताई पडद्याकडे बघत राहिली. "थांब रे. त्याने केलेला एकही तुकडा चुकलेला नाही. चुकली ती माझी वाटणी. आजोबांना आणि तुला मी सारखीच पोती उचलायला लावेन का?"

"आजोबा बरे. निदान कुरकुर करून सांगतात तरी," भाऊ पुटपुटला, पण ब्रश घेऊन माझ्यापाशी बसला. माझे झाकण उघडताच तो शिंकतच सुटला. "हत्ती कसला, धुळीचं पोतं आहे हे!"

ताईने वाटणी बदलली. नव्यांना एकदम अनेक तुकडे, मला एका वेळी एकच. तो झाला की पुढचा. आता कोणीच रिकामे नव्हते, कोणीच दमत नव्हते.

डिलिव्हरीवाला दारात येऊन "ताई, निघू का?" असे विचारत होता, तेवढ्यात शेवटचा तुकडा जुळला. ताईने कार्ड यंत्रात घालून एक पान समोर धरले. यंत्र वाचू लागले. यंत्राने शेवटची ओळ वाचली, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत!

भावाने पडद्यावर माझे काम पाहिले. "हत्तीराव, थोडं केलंत, पण चोख केलंत!"

खरेच, माझ्या वाट्याचे तुकडे थोडेच होते. पण तेही इतरांवर पडले असते, तर डिलिव्हरीवाला केव्हाच निघून गेला असता. शाळेतल्या त्या शेवटच्या ओळींत माझाही वाटा आहे, हे मी मान ताठ करून सांगतो.

म्हणून मित्रांनो, जुने यंत्र फेकण्याआधी एकदा त्याची धूळ पुसा आणि त्याला झेपेल तेवढे काम देऊन पाहा. आता माझ्या डोक्यावर कप ठेवायला बंदी आहे. बरे, थांबतो इथेच. ताईने तुकडा पाठवला आहे.