टीपॉयवरून उतरलेली काच

मी टीपॉयवरची काच बोलतेय. जेसल पार्कच्या या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या आधी मी आले, त्यामुळे माझा मान मोठा. माझ्यावर चहाचे कप टेकतात आणि पाहुण्यांपुढे घराच्या मोठेपणाच्या गोष्टी होतात.

यंदाची मोठी गोष्ट म्हणजे संघप्रिया, वाल्मिकरावांची थोरली. "आमच्या घरातली पहिली इंजिनिअर," ते म्हणायचे, की तिची आई वैजयंताबाई लगेच फरसाणाची बशी पुढे सरकवायच्या. पोरीचं कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं, पण इंजिनिअर ती आधीच झाली होती.

पोरगी मात्र गप्प झाली. बारावीच्या क्लासमध्ये पेपरात काय येणार तेही सर सांगायचे. कॉलेजात कोणी काहीच सांगेना. ड्रॉइंगचे सर फळ्याकडे तोंड करून विचारायचे, "अंडरस्टूड?" सगळा वर्ग मान डोलवायचा, तशी हीही डोलवायची. वस्तू वरून कशी दिसते, समोरून कशी दिसते, ते कागदावर काढायचं असतं म्हणे. हिला ती कुठूनच दिसेना. घरी आली की, "मस्त चाललंय, पप्पा."

ड्रॉइंगच्या शीट्सवर सरांची सही नसेल तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. पोरीची झोप उडाली. तेव्हा खालच्या मजल्यावरचा उदय धावून आला. तो त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, म्हणजे अनुभवी माणूस.

"टेन्शन कायको लेती है? जीटी मार. सब मारते हैं."

जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग, आणि ग्लास म्हणजे मी! मला टीपॉयवरून उतरवून दोन खुर्च्यांवर आडवं केलं. खाली ट्यूबलाइट, वर उदयचं शीट, त्यावर हिचं कोरं. रेषा दिसतील तशा गिरवायच्या. वाल्मिकराव कौतुकाने शेजाऱ्यांना सांगत, "बघा, इंजिनिअरिंगला काय काय उपकरणं लागतात!"

उदयनेही ते शीट कुणाचं तरी गिरवलेलं, त्या कुणीतरी आणखी कुणाचं. मूळपुरुष कोण, देव जाणे. आकृतीच्या कोपऱ्यात एक वर्तुळ होतं. मला ते भारी ओळखीचं वाटलं, पण काचेला कोण विचारतं? पोरीने कंपास लावून ते सुबक काढलं. नकलेला अक्कल नसते, हे खोटं नाही.

मग सहीसाठी सरांना शीट्स दाखवायचा दिवस आला. संध्याकाळी ती घरी आली आणि दप्तर न ठेवताच माझ्यासमोर बसली.

"पप्पा, सही नाही मिळाली."

वाल्मिकरावांचा कप हातातच राहिला.

"सगळ्यांच्या शीटवर एकच वर्तुळ होतं. सरांनी विचारलं, हे काय? कोण म्हणालं होल, कोण म्हणालं शाफ्ट. मी नीट बघितलं तर ते रोज आपल्या टीपॉयवर उमटतं तसंच. म्हटलं, सर, हा चहा आहे. कुणीतरी कधीतरी शीटवर कप ठेवला असेल."

"मग?"

"सर खूप हसले. म्हणाले, आता सगळ्यांनी माझ्यासमोर बसून नवीन काढायचं." तिने दप्तर खाली ठेवलं. "पप्पा, मला येत नाही. वस्तू वरून कशी, समोरून कशी, पहिल्या दिवसापासून काहीच कळत नाहीये."

वैजयंताबाईंनी या वेळी फरसाणाची बशी सरकवली नाही. वाल्मिकरावांनी कप माझ्यावर ठेवला, उचलला, आणि उमटलेल्या ओल्या वर्तुळाकडे बोट केलं.

"हे वरून ना? मग कप समोरून कसा दिसतो, मला दाखव. मलाही कळू दे."

तिने कप पुन्हा ठेवला. खाली वाकली, डोळा कपाच्या रेषेत आणला. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिल चालू लागली. रेष वाकडी आली, तिने खोडली, पुन्हा काढली. मग कप फिरवला.

"अगं, कान कुठे गेला?" वाल्मिकरावांनी विचारलं.

"मागे आहे, पप्पा. दिसत नाही, पण आहे. तो तुटक रेषेने दाखवायचा..." ती थांबली. "अय्या! सर हेच सांगत होते!"

आता मी कायमची टीपॉयवर आहे. परवा कॉलेजातली एक नवी मुलगी जिना चढून शीट मागायला आली, तर संघप्रिया म्हणाली, "शीट नाही देणार. बस, कप आणते."

माझं एवढंच मागणं आहे. माझ्यावर चहा ठेवा, डाग पडू द्या, पुसता येतात. माझ्याखाली दिवा मात्र लावू नका. त्या संध्याकाळी माझ्याखाली अंधार होता, आणि तिला पहिल्यांदा दिसलं.